जुन्या तिळापासून पन्नास वार दक्षिणेला

जो आंबा अख्ख्या गावाला रस्ता दाखवतो, तो आंबा आता नाही.

*

मोतिया रंगाचे दोन डबे. एक ब्रश, चांगला रुंद.

*

"आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे." त्यामागे मारिंबा या लाकडी पट्ट्यांच्या वाद्याचं तेच ते कडवं, लाकडावर लाकूड.

*

इस्त्री करून झाल्यावर फ्रिज उघडू नये.

*

लाल रबरी पिशवी, गरम पाण्याची, बूच घट्ट बसणारी. ती घरात कुठून आली हे कोणी विचारलं नाही.

*

कुत्रा जागेवरून उठला होता.

*

माणसाला स्वतःची पाठ आयुष्यभर ऐकीवच असते.

*

आता ही सगळी भानगड एकाच माणसाच्या पाठीत कशी शिरली, ते सांगायचं आहे.

माणसाचं नाव डॉन एलादिओ उमान्या; डॉन म्हणजे आपलं 'राव', बाईमाणसाला दोन्या. सान रामोन गावच्या पोस्टात पत्रं निवडण्यात त्यांची हयात गेली. तिथे घरांना नंबर नाहीत आणि रस्त्यांना नावं असली तरी ती नगरपालिकेला आणि देवाला ठाऊक. पत्ता म्हणजे खूण. त्यांच्या स्वतःच्याच घराचा घ्या: 'जुन्या आंब्यापासून दोनशे वार पश्चिमेला, पन्नास वार दक्षिणेला, हिरवं फाटक.' आंबा कधीच तोडलेला. फाटक आता निळं. आणि शंभर वार म्हणजे एक गल्ली, मग ती मोजून साठ भरो की दीडशे. एवढं ज्याला कळत नाही त्याने पत्र लिहूच नये, असं डॉन एलादिओंचं मत होतं. त्यांच्या हातून एकही पत्र चुकीच्या दारात गेलं नाही, असं ते सांगत. गावही तसंच सांगे, कारण न मिळालेल्या पत्राबद्दल तक्रार तरी कोण करणार?

निवृत्तीनंतरच्या पहिल्या डिसेंबरात त्यांच्या बायकोने, दोन्या मायेलाने, घराची दर्शनी भिंत रंगवायची ठरवली. डिसेंबरात सगळं गावच रंगतं. डबे आले. ब्रश आला. डॉन एलादिओ शिडीच्या पहिल्या पायरीवर चढले, वरच्या कोपऱ्याचा अंदाज घ्यायला त्यांनी मान मागे टाकली, आणि उजव्या फऱ्याच्या, म्हणजे पाठीतल्या खांद्याच्या हाडाच्या, आतल्या अंगाला कोणीतरी स्क्रू पिळावा तशी कळ आली.

"आई गं!"

"काय झालं?" मायेला स्वयंपाकघरातून.

"पाठ!"

"डबा उघडायच्या आधीच?"

एवढंच बोलली ती. पण बोलताना तिने त्यांच्याकडे जे पाहिलं, ते डॉन एलादिओंच्या काळजात रुतलं. कमी तिकिटं लावलेल्या पाकिटाकडे ते स्वतः असंच बघत. आत काय आहे ते देव जाणे, पण वरून तरी संशयास्पद. इतक्या वर्षांचा संसार, आणि बायकोला वाटावं की हा गडी भिंत चुकवायला कण्हतोय?

दुखणं काय, दोन दिवसांत जाईल. पण ती नजर घालवायची तर दुखण्याला नाव हवं होतं. डॉक्टरी, लांबलचक, मधे श्वास घ्यावा लागेल असं. ते नाव एकदा मायेलाच्या पुढ्यात ठेवायचं आणि मग शांतपणे कॉफी प्यायची, एवढीच त्यांची या जन्मातली उरलेली इच्छा होती.

दुखणं दोन दिवसांत गेलं नाही.

निळ्या फाटकाला लागून, पूर्वेला

"उपे!"

ही शेजारच्या दोन्या ओदिलियेची हाक. फाटकात उभं राहून 'उपे' म्हणायचं आणि आतून कोणी 'या' म्हणेपर्यंत थांबायचं, ही रीत. ओदिलियेची हाक ऐकू येईस्तोवर ती स्वतः चुलीपाशी पोचलेली असे.

"डॉन एलादिओ, त्या दिवशी सकाळी काय प्यायलात?"

"कॉफी."

"गरम?"

"गार कोण पितं?"

"आणि मग?"

"मग साय काढायला फ्रिज उघडला."

ओदिलियेने क्रूसाची खूण केली. "संपलं! वारं शिरलं. अंगात गरम, बाहेर गार. माझ्या आतेभावाने इस्त्री करून फ्रिज उघडला होता, तोंड वाकडं झालं. अजून फोटोत एका अंगानेच उभा राहतो."

"तो आधीपासूनच तसा आहे," मायेला म्हणाली.

"एका बाजूने आधीपासून. दुसऱ्या बाजूने फ्रिजमुळे."

वारं काढायला तुंबडी. जामचा रिकामा ग्लास, नाण्यावर चिकटवलेला मेणबत्तीचा तुकडा, वर ग्लास पालथा. मेणबत्ती विझते, ग्लास कातडी ओढतो, वारं ग्लासात येतं. शास्त्र साधं आहे. डॉन एलादिओ जेवणाच्या टेबलावर पालथे पडले. फक्त एक अडचण होती. सरकारी दवाखान्याच्या अपॉइंटमेंटसाठी लावलेला फोन तेव्हा त्यांच्या कानाला होता आणि मारिंबा चालू होती.

हा फोन म्हणजे या कथेतलं मुख्य पात्र, म्हणून त्याची ओळख करून देतो. जावयाने दिलेला मोबाइल. त्याला स्पीकर होता, पण स्पीकरवर लावलं तर भिंतीपलीकडे ओदिलियेला कळणार की हा माणूस तासभर ताटकळतोय. पोस्टातला माणूस रांगेत आतल्या बाजूला असतो, बाहेरच्या नाही. म्हणून फोन कानाशी, आणि हात कॉफी गाळायला मोकळे राहावेत म्हणून तो खांदा आणि कानाच्या मधे दाबलेला. हे लक्षात ठेवा किंवा विसरा. डॉन एलादिओ विसरले.

तर ग्लास चिकटला. चांगलाच. जन्मापासून तिथेच असल्यासारखा. आणि नेमकी मारिंबा थांबली.

"नमस्कार, मी आपली काय मदत करू?" एका मुलीचा आवाज.

"मला डॉक्टरांची..."

"हलू नका, फुटेल!" ओदिलिये किंचाळली.

"सर? तिथे सगळं ठीक आहे ना?"

"ठीक आहे. पाठीला ग्लास चिकटलाय."

मग ती मुलगी अतिशय अदबीने म्हणाली, "सर, इथे फक्त अपॉइंटमेंट मिळते. ग्लाससाठी मी तुम्हाला तातडीच्या विभागाकडे जोडते हं." आणि मारिंबा पहिल्या कडव्यापासून सुरू झाली.

ग्लास निघाला तेव्हा बाटलीचं बूच उडावं तसा आवाज आला. पाठीवर जांभळं वर्तुळ उरलं. ओदिलियेने ग्लास उजेडात धरून पाहिला. "बघा, केवढं वारं!"

ग्लास रिकामा होता. वारं दिसत नाही हेच त्याचं लक्षण, असं तिने सांगितलं.

जुन्या साबणाच्या कारखान्यापासून तीनशे वार उत्तरेला, कुत्रा झोपतो त्याच्या समोर

जानेवारीत ओदिलियेच्याच सांगण्यावरून अंग रगडणाऱ्या डॉन तोबियासकडे जायचं ठरलं. फुटबॉलच्या खेळाडूंचे निखळलेले घोटे त्याने बसवले होते. पत्ता वर दिलाच आहे.

साबणाचा कारखाना पाडून तिथे चर्च झालं होतं. ते डॉन एलादिओंना ठाऊक होतं. तीनशे वार त्यांनी डोळे मिटूनही काढले असते. पण कुत्रा नव्हता. रस्ता मोकळा, दोन्ही बाजूंना दारं. आता पोस्टातल्या माणसाने पत्ता विचारायचा? त्यापेक्षा पाठ दुखलेली बरी. एका दारातून माणसांचा आवाज येत होता. तोबियासकडे गर्दी असते असं ऐकलं होतं. ते आत शिरले.

घरच्या बाईंनी हात धरून बसवलं. हातात कॉफी दिली. मग सगळे गुडघ्यावर बसले, म्हणून हेही बसले. छातीशी हात, मान खाली. कोणीतरी म्हणू लागलं, बाकीचे उत्तरं देऊ लागले. उपचाराची ही पद्धत त्यांना नवी होती, पण ताल होता. बराच वेळ गुडघ्यावर राहिल्यावर फऱ्यापाशी जरा सैल पडल्यासारखंही वाटलं. तेवढ्यात केळीच्या पानात उकडलेला मक्याच्या पिठाचा टमाल आला. काय चांगला माणूस आहे, त्यांना वाटलं, रोग्याला जेवू घालतो.

"आता रगडायचं कधी?" त्यांनी बाईंना हळूच विचारलं.

"कोणाला?"

"मला."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, गव्हाणीतल्या बाळ येशूच्या मूर्तीकडे पाहिलं, आणि मग त्यांच्या ध्यानात आलं. "अहो, तोबियास समोर राहतो! हा आमच्या घरचा बाळ येशूचा जप आहे. कुत्रा दिसला नाही तुम्हाला?"

"नव्हता."

"नसणारच. टमाल म्हटलं की तो इकडे येतो." त्यांनी टेबलाखाली बोट दाखवलं. कुत्रा पान चाटत होता. "सरका साहेब," बाई त्याला म्हणाल्या, "तुमच्यामुळे माणसं चुकताहेत."

समोरच्या तोबियासने डॉन एलादिओंना मेंढीच्या चरबीने आणि कापराने असं काही रगडलं की कणिक मळणाऱ्यालाही दया यावी.

"आता तिथे दुखतंय?"

"तिथे असं नाही. सगळीकडेच."

"बघा!" तोबियास घाम पुसत म्हणाला. "एका जागी बसलं होतं, आता मोकळं झालं."

घरी आल्यावर मायेलाने दार उघडलं, वास घेतला आणि कपाटातून ती लाल पिशवी काढली. "पालथे व्हा." पिशवी पाठीवर ठेवून ती म्हणाली, "भिंतीने आज तुमची चौकशी केली."

जुन्या तिळापासून

सरकारी दवाखान्यातली अपॉइंटमेंट शेवटी मिळाली. डॉक्टरीणबाई तरुण होत्या.

"कुठे दुखतं?"

"जुन्या तिळापासून पन्नास वार दक्षिणेला," डॉन एलादिओ म्हणाले, "किंचित आतल्या अंगाला."

बाई याच देशातल्या, त्यामुळे त्यांना त्यात वावगं काही वाटलं नाही. त्यांनी शर्ट वर केला. "तीळ कुठाय?"

"काढला. आधीच्या डॉक्टरांनी."

"मग हा जांभळा गोल कसला?"

"ओदिलिये. परवा पुन्हा."

बाईंनी मान हलवली. त्यांच्याही गल्लीत ओदिलिये असावी. तीळ सापडेना तेव्हा त्यांनी जुने कागद पाहिले. तिथे लिहिलं होतं: डाव्या खांद्याखालचा तीळ काढला. "बरं, डावा खांदा," असं म्हणत त्यांनी एक्स-रे लिहून दिला. 'डावा' हे डॉन एलादिओंनी ऐकलं. पण बाई समोर बसल्या होत्या. समोरच्याचं डावं ते आपलं उजवं, हे पोस्टाच्या खिडकीत बसणाऱ्याला सांगावं लागत नाही. एक्स-रेवाल्याने डावी बाजू काचेला लावली तेव्हाही ते गप्प राहिले. आधी निरोगी बाजू काढत असतील, ताडून पाहायला. शिकलेल्या माणसांच्या कामात बोलू नये.

अहवाल आला: कोणताही दोष नाही. वयाच्या मानाने खांदा उत्तम.

"उत्तम!" मायेलाने तो मोठ्याने वाचला. "भिंतीला असाच खांदा लागतो."

"अहो, पण दुखतंय ते उजवीकडे, आणि हा..." डॉन एलादिओंनी फोटोचा कोपरा पाहिला आणि त्यांचा चेहरा पडला. "फक्त डावाच काढलाय! तीळ उजवीकडे होता!"

"डावीकडे."

"माझा तीळ मला माहीत नाही?"

"तुम्ही तो आरशात पाहिलात," मायेला म्हणाली. "मी पुंतारेनासच्या समुद्रावर त्याला तेल लावलंय. डावीकडे होता."

डॉन एलादिओ खुर्चीत बसले. गावातल्या प्रत्येक दाराचा पत्ता ज्यांना पाठ, त्यांनी स्वतःचं अंग चुकीच्या दारात टाकलं होतं. ज्या तिळाच्या आधारावर ते वर्षानुवर्षं खाज, पुरळ, घामोळं यांचे पत्ते देत आले, तो तीळ भलत्याच गल्लीत होता. मग आजवर मायेलाने खाजवलं ते कुठे?

"तुम्ही सांगायचात ते सोडून जिथे लाल दिसेल तिथे," ती म्हणाली.

उजव्याचा एक्स-रे झाला. तोही उत्तम. आता डॉन एलादिओ दोन्ही बाजूंनी सरकारमान्य निर्दोष होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हाडात काही नाही. काहीतरी स्नायूंचं दिसतंय. स्नायूंच्या तज्ज्ञांकडे पाठवते. तारीख फोनवरून घ्या."

काहीतरी! 'काहीतरी' या नावाने आलेलं पत्र त्यांनी कधी कोणाच्या दारात टाकलं नव्हतं.

मारिंबा

आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.

तज्ज्ञांची तारीख मिळाली ती पुढच्या वर्षीच्या ईस्टरनंतरची. कोणी रद्द केली तर मधेच जागा होते, असं त्या मुलीने सांगितलं. रोज सकाळी विचारत चला.

आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.

म्हणून रोज सकाळी, रविवार सोडून, डॉन एलादिओ फोन लावत. फोन खांद्यावर दाबलेला, एका हाताने कापडी गाळणीत उकळतं पाणी ओतायचं, दुसऱ्याने साखरेचा डबा. गाळणी टपटपते, मारिंबा वाजते. दुखणं दुपारपर्यंत तापतं. मायेला पिशवी भरते. आणि पिशवी ठेवताना न चुकता भिंतीची बातमी देते: आज भिंतीचा पोपडा पडला, आज भिंतीवर पाल बसली होती, आज पाद्रीबाबा भिंतीकडे बघून काही बोलले नाहीत, ते न बोलणं मी ऐकलं.

आपला कॉल

"रद्द झालंय का कोणाचं?"

"नाही सर. तुम्ही कसे आहात?"

"तसाच. तुम्ही?"

"माझ्या मावशीला पण असंच होतं सर. तिने म्हणे इस्त्री करून..."

"फ्रिज उघडला."

"तुम्हाला कसं कळलं?"

ऑगस्टात ओदिलिये कार्तागोच्या चर्चमधल्या माउलीला नवस बोलली. तिथे दुकानात धातूचे छोटे छोटे अवयव मिळतात: हात, पाय, डोळे, काळीज. जे दुखतं ते माउलीला वाहायचं. फरा मात्र नव्हता. ओदिलियेने दुकानदाराशी हुज्जत घातली. तो म्हणाला, "बाई, अख्खा माणूस घ्या, त्यात फरा येतोच." तिने अख्खा माणूस वाहिला. आल्यावर सांगू लागली, "आता तुम्ही सगळेच बरे होणार, डॉन एलादिओ. स्वभावासकट."

दुसरा डिसेंबर आला. गाव पुन्हा रंगलं. निळ्या फाटकाची भिंत तेवढी तशीच राहिली. येणारे-जाणारे आता पत्ता सांगू लागले: 'जुन्या आंब्यापासून दोनशे वार पश्चिमेला, पन्नास वार दक्षिणेला, पोपडे निघालेली भिंत.' डॉन एलादिओंनी हे आपल्या कानांनी ऐकलं. माणसाचं दुखणं गावाच्या पत्त्यात शिरलं, की ते आंब्यासारखं कायमचं. तोडलं तरी जात नाही.

त्या दिवशी ते जेवले नाहीत. मायेला गरम पिशवी घेऊन आली तेव्हा भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "तुम्हाला खोटंच वाटतं ना?"

"काय?"

"काही नाही."

"पालथे व्हा," मायेला म्हणाली.

फुली

ईस्टरनंतरचा तो दिवस उजाडला. तज्ज्ञांकडे निघण्याआधी मायेलाने बॉलपेन काढलं.

"शर्ट काढा. तुमच्या तिळावर माझा भरवसा नाही. कुठे?"

"खाली. अजून खाली. आत."

तिने पाठीवर फुली मारली. बऱ्याच दिवसांत तिचा हात इतका हलका लागला नव्हता, का नुसत्या गुदगुल्या झाल्या म्हणून तसं वाटलं, हे डॉन एलादिओंना ठरवता येईना.

तज्ज्ञ डॉक्टर सिनिया पिकल्या केसांच्या, दमलेल्या. मायेला बाहेर बाकावर बसली. डॉक्टरांनी फुली पाहिली. "कोणी मारली?"

"बायकोने."

"सुरेख. नेमकी आहे." त्यांनी फुलीवर दाबलं, आजूबाजूला दाबलं, हात वर करवला, खाली करवला. मग म्हणाल्या, "पण इथे काही नाही."

डॉन एलादिओ शर्ट चढवू लागले. काही नाही. तीन महिने, सहा महिने, दोन डिसेंबर, एक कुत्रा, एक अख्खा धातूचा माणूस, आणि शेवटी 'काही नाही'. आता बाहेर जाऊन त्या बाकापाशी हेच सांगायचं. त्यांचे डोळे भरून आले. एवढ्यात खिशातला फोन वाजला.

हात शर्टात अडकलेले. त्यांनी सवयीने फोन काढला, खांद्यावर टाकला, कानाने दाबला.

"सर," ओळखीचा आवाज, "कळवायला फोन केला, आज तुमची अपॉइंटमेंट आहे बरं का!"

"मी तिथेच आहे, पोरी."

"असेच थांबा," डॉक्टर सिनिया अचानक म्हणाल्या. "हलू नका. फोन तसाच राहू द्या."

त्या उठल्या, डॉन एलादिओंच्या मानेच्या उजव्या अंगाला, जिथे फोन चेपला होता त्याच्या थोडं खाली, एक बोट ठेवलं आणि दाबलं.

"आई गं! मेलो!"

"सर?" फोनमधून. "पुन्हा ग्लास का?"

"कुठे दुखलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"फुलीवर! बरोब्बर फुलीवर!"

"आणि माझं बोट कुठाय?"

डॉन एलादिओंनी विचार केला. बोट मानेवर होतं. कळ पाठीत होती. मधे चांगले दोनशे वार. त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला.

"म्हणजे... पत्र पाठीवर येतंय. पण पाठवणारा मानेत राहतो?"

डॉक्टरांनी पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट पाहिलं. "कुठे होतात नोकरीला?"

"पोस्टात."

"मग मला समजावून सांगायला नको. मायोफेशियल वेदना म्हणतात याला. मानेच्या स्नायूत ताणाची गाठ बसते आणि कळ पाठीत पाठवते. एक्स-रेत दिसत नाही. फोन असा किती वेळ धरता?"

"रोज सकाळी. तासभर. कधी जास्त."

"कशासाठी?"

"तुमची अपॉइंटमेंट लवकर मिळावी म्हणून."

डॉक्टर सिनियांनी पेन खाली ठेवलं. त्या म्हणाल्या, "सुरुवातीची ती नुसती लचक होती. पंधरा दिवसांत गेली असती. रविवारी जरा कमी दुखतं का?"

"हो! मला वाटायचं, चर्चमुळे."

"फोन बंद असतो म्हणून. आता मानेचे व्यायाम करायचे. शेक मानेला द्यायचा, पाठीला नाही. फोन हातात धरायचा. महिन्याभराने दाखवा. तारखेसाठी फोन..." दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "नको. मीच लिहून देते."

डॉन एलादिओ शर्टाची बटणं लावत दारापर्यंत गेले आणि परत आले. "डॉक्टर, हे खरं दुखणं आहे ना? नाटक नाही?"

"अगदी खरं."

"हे जरा दार उघडून म्हणाल का? थोडं मोठ्याने?"

डॉक्टरांनी दार उघडलं. बाकावर मायेला पर्स मांडीवर धरून बसली होती. "यांचं दुखणं खरं आहे," डॉक्टर सिनिया म्हणाल्या. "मायोफेशियल वेदना."

बाकावरचे चारही लोक वळून बघू लागले. डॉन एलादिओ छाती पुढे काढून उभे राहिले. या क्षणासाठीच त्यांनी सव्वा वर्ष काढलं होतं. आता ती ओशाळेल. आता ती म्हणेल, माझं चुकलं.

"बरं," मायेला म्हणाली. "मग शेकायचं कुठे?"

"मानेला."

"हां." तिने पर्स उचलली. "चला, बस जाईल."

बसमध्ये डॉन एलादिओंनी ते नाव मनात घोळवलं. लांबलचक होतं, मधे श्वास घ्यावा लागत होता, सगळं मनासारखं होतं. तरी कुठेतरी पाकीट उघडल्यावर आतला कागद कोरा निघावा तसं वाटत राहिलं.

निळं फाटक

मान आठवड्याआठवड्याने सैल पडत गेली. ओदिलियेच्या मते हा अख्ख्या माणसाचा परिणाम. तोबियासच्या मते त्याने जे हलवलं होतं ते आता पोचलं. अपॉइंटमेंटच्या मुलीने एकदा स्वतःहून फोन करून विचारपूस केली; तो त्यांनी हातात धरून घेतला.

जूनमधल्या एका सकाळी त्यांनी हात थेट डोक्यावर नेला आणि तिथे ठेवला. कळ आली नाही. कॉफी गाळत असलेल्या मायेलासमोर जाऊन ते तसेच उभे राहिले, शाळेत उत्तर येणाऱ्या पोरासारखे.

"दिसलं," ती म्हणाली. "खाली घ्या, रक्त उतरेल."

"मी आज भिंत रंगवणार."

"आज पाऊस आहे."

"मग उद्या. बोललो म्हणजे बोललो. आता माझ्याकडे सबब नाही. गावाने माझ्या दुखण्याचा पत्ता केलाय, तो मी पुसणार." आणि ते मागच्या पडवीत गेले. शिडी होती. ब्रश होता, न वापरता धुळीने माखलेला. त्यांनी पोती हलवली, सायकलमागे पाहिलं, बोळात पाहिलं.

"मायेला! रंगाचे डबे कुठायत?"

"कॉफी गार होतेय."

"अहो, पण डबे? मोतिया! दोन होते!"

"तुम्ही या आधी. पाठ टेकून बसा. आणि फ्रिज उघडू नका, ओदिलिये बघतेय."

रंगाचे दोन्ही डबे मायेलाने दुखणं सुरू झालं त्याच आठवड्यात दुकानदाराला परत दिले होते, आणि बदल्यात ती लाल रबरी पिशवी आणली होती.